पगारचिठ्ठी नसलेल्यांचा कर



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानास बोलावले म्हणजे तो बोनस आणि किमान वेतन यांवरच बोलणार, अशी एक समजूत असते. आम्ही आज बोलणार आहोत ते ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या भगिनींच्या कराविषयी. मागच्या रांगेत कुणाला हसू आले असेल तर येऊ द्या. गिरणी कामगारांना संघटित करणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांनीच १८९० साली मुंबईच्या नाभिकांना विधवांच्या केशवपनाविरुद्ध उभे केले होते. कात्री-वस्तऱ्याचा धंदा आमच्या चळवळीला परका नाही.

पेणपासून रोह्यापर्यंत कुणी गाळा घेऊन बसली आहे, कुणी घरच्या पुढच्या खोलीत आरसा लावला आहे, तर कुणी पेटी उचलून नवरीच्या घरी जाते. धाटावच्या कारखान्यातला कायम कामगार महिनाअखेर पगारचिठ्ठी घेतो. ती चिठ्ठी मिळवण्यासाठी काय काय करावे लागले, ते आम्हांस ठाऊक आहे. या भगिनीला ना चिठ्ठी, ना फंड. तिने वर्षाकाठी काय मिळवले हे सांगणारा एकच भक्कम कागद तिच्यापाशी असू शकतो, तो म्हणजे आयकराचे विवरणपत्र. आणि नेमकी त्याच कागदाला ती भिते.

ही भीती जुनी आहे. पूर्वी कारागिरांवर आणि दुकानदारांवर मोहतर्फा नावाचा कर असे. धंदा चालो वा न चालो, पट्टी भरावीच लागे. १८४४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातले धंद्यांवरचे असले कर उठले. आयकराची रीत निराळी आहे. उरले किती ते आधी पाहायचे, मागणी नंतर. पण लोकांच्या मनातला मोहतर्फा काही उठलेला नाही. चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेले, आणि १९५० ते १९५६ या काळात ते देशाचे अर्थमंत्री होते. त्याच रोह्यात कराचे नाव काढले की माणसे दार लोटून घेतात!

आता हिशेबाकडे येऊ. समजा, एका भगिनीकडे वर्षात सहा लाख रुपये जमा झाले. गाळ्याचे भाडे, वीज, क्रीम-वॅक्सचे सामान, मदतनीस मुलीचा पगार आणि गाडीभाडे मिळून तीन लाख वीस हजार गेले. उरले दोन लाख ऐंशी हजार. तिचे उत्पन्न हे. सहा लाख नव्हे. पेणचा मूर्तिकार गणपती विकून आलेली रक्कम कमाई समजत नाही, कारण शाडू, रंग आणि मजुरी त्याने आधीच मोजलेली असते. पार्लरवाली मात्र लग्नसराईत हातात आलेली नोट कमाई समजते, आणि आषाढात सामानाची उधारी फेडताना कपाळाला हात लावते.

लहान धंद्यासाठी कायद्याने एक सोपी वाट ठेवली आहे. सविस्तर हिशेब न दाखवता, बँकेतून आलेल्या जमेवर सहा टक्के आणि रोखीवर आठ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते. वरच्या सहा लाखांपैकी चार बँकेतून आणि दोन रोखीने आले असतील, तर नफा होतो चोवीस हजार अधिक सोळा हजार, म्हणजे चाळीस हजार. कागद भरून देणारा मध्यस्थ हाच आकडा टाकतो आणि ‘ताई, तुमचा कर वाचवला’ म्हणून पैसे घेऊन जातो.

भगिनींनो, त्याने काय वाचवले ते पाहा. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत कर ठेवलेला नाही, आणि सवलत धरून बारा लाखांपर्यंतही देणे शून्यावर येते. म्हणजे दोन लाख ऐंशी हजार लिहिले असते तरी कर शून्यच होता. वाचले काहीच नाही. पण पुढे वाफेचे यंत्र आणि दोन खुर्च्या घेण्यासाठी ती बँकेत जाते, तेव्हा साहेब तोच कागद पाहून विचारतो, “महिन्याला सव्वातीन हजार मिळवणारी बाई हप्ता कुठून भरणार?” सहा आणि आठ टक्के ही खालची मर्यादा आहे, जास्त मिळाले असेल तर जास्त दाखवावे, अशी सोय त्याच कायद्यात आहे. आपल्या घामाची किंमत आपणच सातपट कमी लिहून द्यायची, हा सौदा कुठल्या कामगाराने पत्करला असता?

वस्तू व सेवा कराविषयी थोडक्यात सांगतो. आपल्या राज्यात सेवेच्या धंद्याची वार्षिक जमा वीस लाखांच्या आत असेल, तर नोंदणीची सक्ती नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यसेवेवरचा दर अठरावरून पाच टक्क्यांवर आला आहे. येथे मात्र नफा पाहत नाहीत, जमा पाहतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात मोबाइलवरून घेतलेल्या पैशांच्या आधारे लहान दुकानदारांना नोटिसा गेल्या, आणि घाबरून अनेकांनी दुकानातले कोडचे फलक उतरवले. फलक उतरवून काय होणार? भिशीचे पैसे, भावाने पाठवलेले पैसे आणि नवरीचे पैसे एकाच खात्यात पडत असतील, तर कुठले पैसे धंद्याचे हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते. धंद्याचे खाते वेगळे ठेवा, आणि रोज रात्री दोन ओळी वहीत लिहा, एक जमेची आणि एक खर्चाची.

दुसऱ्याच्या पार्लरमध्ये टक्क्यावर बसणाऱ्या मुलींना एक सांगणे आहे. ‘तू स्वतंत्र व्यावसायिक आहेस’ असे मालकीण म्हणाली, तर वेळ, दर आणि रजा कोण ठरवते ते आधी पाहा. तिन्ही मालकीणच ठरवत असेल, तर तुमचा प्रश्न कराचा नसून नोकरीचा आहे. त्यासाठी आमच्याकडे या.

राहिला व्यवसायकर. रोजगार हमीसाठी पैसा उभा करावा म्हणून महाराष्ट्राने १९७५ साली हा कर बसवला. हेतू चांगला होता, आणि हा कर देण्यास आमची ना नाही. पण २०२३ पासून दरमहा पंचवीस हजारांपर्यंत पगार घेणाऱ्या स्त्रीला तो माफ आहे, आणि स्वतःच्या हिमतीवर महिन्याला आठ-दहा हजार मिळवणाऱ्या पार्लरवालीला वर्षाचे अडीच हजार भरावे लागतात. हा आमच्या मते उघड अन्याय आहे. पगारदार स्त्रीला मिळते ती माफी हिलाही मिळावी, असा अर्ज आम्ही सरकारकडे करणार आहोत. अशा अर्जाला नुसत्या सह्या पुरत नाहीत, वर्षाची जमा आणि खर्च यांचे आकडे जोडावे लागतात. ज्यांनी मागल्या वर्षी वही ठेवली असेल, त्यांनी ती घेऊन सभा संपल्यावर दाराजवळच्या टेबलाशी यावे. ज्यांनी ठेवली नसेल, त्यांनी बँकेचे पासबुक आणले तरी चालेल, बसून मांडू.