परदेशातील फावला वेळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



रायपुरातील मराठी घरांतून आज कोणी ना कोणी कामानिमित्त परदेशी जात असतो. कोणी संगणकाच्या कामासाठी, कोणी पोलाद कारखान्याच्या, तर आमच्यासारखे सरकारी नोकर परिषदांसाठी आणि प्रशिक्षणासाठी. आठ-दहा दिवसांच्या अशा दौऱ्यात काम आटोपल्यावर तीन-चार संध्याकाळी आणि एखादा रविवार, एवढाच वेळ हाती उरतो. तो बहुधा बाजारहाटात सरतो. या वेळाचे चीज कसे करावे, यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा संयोजकांनी मला केली आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण जातो ते कामासाठी, आणि सरकारी माणूस तर जनतेच्या पैशाने जातो. तेव्हा कामाला काट मारून काढलेला वेळ हा फावला वेळ नव्हे. या बाबतीत चिंतामणराव देशमुख यांचे स्मरण होते. आपले रायपूर ज्या मध्यप्रांतात होते, त्याच प्रांताच्या सेवेतील ते अधिकारी. १९३१ मध्ये रजेवर लंडनला असताना त्यांनी दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात काम केले. रजेचा असा उपयोग करण्याची अपेक्षा आपल्यासारख्या सामान्यांकडून कोणी करणार नाही. परंतु कर्तव्य आधी आणि पर्यटन मागाहून, एवढा बोध घेण्यास हरकत नाही.

दुसरे उदाहरण पु. ल. देशपांडे यांचे. आकाशवाणीच्या नोकरीत असताना १९५८ साली ते दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला बीबीसीकडे गेले. त्या प्रवासाचे फळ म्हणून १९६० साली मराठीला ‘अपूर्वाई’ मिळाली. लंडन पाहून आलेले मराठी लोक त्याआधीही पुष्कळ होते. पु. लं.च्या पदरात इतके पडले याचे कारण असे, की माणसे न्याहाळण्याची त्यांची नजर चाळीत, बैठकीत आणि नाटकाच्या तालमीत, म्हणजे घरीच तयार झाली होती. ही शिदोरी घेऊनच ते निघाले.

आता आपण रायपूरकरांनी कोणती शिदोरी बांधावी? माझे उत्तर साधे आहे. आधी आपले गाव पाहावे. महानदीच्या काठचे सिरपूर येथून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. तेथील विटांचे लक्ष्मणमंदिर सातव्या शतकातले. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने १९५०च्या दशकात तेथे उत्खनन केले. सिरपूरच्या सुंदर कांस्यमूर्तींपैकी काही आपल्या महंत घासीदास संग्रहालयात आहेत. हे संग्रहालय १८७५ साली स्थापन झाले. देशातील जुन्या संग्रहालयांत त्याची गणना होते. याच घडणीची, सिरपूरची मानली जाणारी तारादेवीची एक मूर्ती अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयाकडे आहे. ज्याने येथील मूर्ती पाहिल्या आहेत, तो तेथे गेल्यास त्या ताऱेपुढे थबकेल आणि तिची ओळख त्याला पटेल. ज्याने पाहिल्या नाहीत, त्याच्या लेखी ती काचेमागची आणखी एक मूर्ती ठरेल.

लंडनला जाणाऱ्यांसाठीही असेच आहे. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे तांब्याची ४२४ अवजारे आणि चांदीचे १०२ पत्रे सापडले. त्यांतील काही वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तेथे प्रवेश विनामूल्य असून शुक्रवारी ते रात्री साडेआठपर्यंत उघडे असते. म्हणजे दिवसभराची बैठक संपवूनही जाता येते. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य, बिंबाजी भोसल्यांचे रतनपूर, आणि १८१८ मध्ये रतनपूरहून रायपूरला आलेले छत्तीसगडचे मुख्य ठाणे, या घडामोडींचा काळ समजून घ्यायचा तर नागपूरच्या रेसिडेंटांचा पत्रव्यवहार वाचावा लागतो. आपल्यापैकी काहींचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले, असे आपण घरोघरी ऐकतो. त्या ऐकीव गोष्टींना कागदाचा आधार शोधण्याची ही जागा आहे.

व्यवहाराच्या दोन-तीन सूचना करतो. वस्तू दालनात मांडलेली आहे की भांडारात ठेवलेली आहे, हे निघण्यापूर्वी पत्राने विचारावे. दप्तर पाहायचे असेल तर वाचकपत्रास कोणती कागदपत्रे लागतात, तेही आधीच विचारून घ्यावे. एका संध्याकाळी एकच ठिकाण ठरवावे. पाच ठिकाणी धावणाऱ्याच्या हाती छायाचित्रांखेरीज काही लागत नाही. आणि जे पाहिले, ते त्याच रात्री वहीत टिपावे. गावी परतेपर्यंत निम्मे विसरलेले असते.

शेवटी मंडळाला एक विनंती. पन्नास वर्षे आपण गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू निष्ठेने चालवले. आता परदेशी निघालेल्या तरुणांना आधी आपले संग्रहालय आणि सिरपूर दाखवण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. परतल्यावर त्यांनी येथे अर्धा तास बोलावे आणि आपले टिपण मंडळाच्या ग्रंथालयात ठेवावे. आपली पुढची पिढी हिंदीत शिकते, इंग्रजीत नोकरी करते आणि मराठी घरात बोलते, तीही थोडी थोडी कमी होत चालली आहे. आपण या भूमीत का आलो आणि येथे काय आहे, हे तिला कोणी सांगितले नाही, तर मंडळाच्या शतकमहोत्सवाला सभागृह भरणे कठीण होईल. अशी वीस-पंचवीस टिपणे जमली, तरी त्यांतून आपल्या समाजाच्या इतिहासाचे पहिले बाड उभे राहील.