लेकीच्या कॉलेजचा जमाखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी मी मागे बसून चहाची व्यवस्था पाहते. यंदा चिटणीसबाईंनी नाव पुकारल्यामुळे पुढे यावे लागले. त्यांचे म्हणणे होते की मी ओल्या हळदीच्या लोणच्यावर बोलावे. ते पुन्हा केव्हातरी सांगेन. आज मी घरातली एक वही बरोबर आणली आहे. तिच्या पुढच्या पानांवर दुधाचा हिशेब आहे आणि मागच्या पानांवर आमच्या धाकटीच्या पुण्याच्या कॉलेजचा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्यापीठाविषयी मी काय बोलणार असे कुणाला वाटेल. पण विद्यापीठातला अभ्यास मला कळत नसला तरी विद्यापीठाचा खर्च मला पैशापैशाने ठाऊक आहे, आणि तेवढाच आज सांगणार आहे.

आधी थोरलीचे सांगते, कारण चूक तिथे झाली.

२०१८ साली ती बारावी झाली. मार्क चांगले होते. केंद्रीय प्रवेश फेरीत तिला पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा लागली. त्या रात्री आमच्या ह्यांनी मोबाईलवर फीचा आकडा पाहिला. अठ्ठ्याऐंशी हजार. त्यांनी तो मोठ्याने वाचला, मी पोळ्या लाटत होते, सासूबाई जपमाळ ओढत होत्या. कुणीच काही बोलले नाही. जेवणे होईपर्यंत विषय संपलाही होता. आम्ही कुणाला विचारायला गेलो नाही, कॉलेजात गेलो नाही, शाळेतल्या बाईंनासुद्धा भेटलो नाही. थोरलीने गावातल्या कॉलेजात बी. कॉम. केले. ती आज आपल्या घरी सुखात आहे, जावई गुणी आहेत, तक्रार कशाचीच नाही.

पुढे २०२४ साली धाकटीचा फॉर्म भरायची वेळ आली, तेव्हा थोरली माहेरी आली होती. तीच बहिणीला घेऊन फॉर्म भरायला बसली. शिष्यवृत्तीच्या योजनांची यादी वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, "आई, हे तेव्हाही होतं गं." राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही ती योजना. आठ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्या घरातल्या मुलामुलींची निम्मी शिकवणी फी तिच्यातून सुटत होती, आणि २०१८ सालीही सुटत होती. थोरली रागावून बोलली नाही, सहज बोलली. मी दूध उतू जाईल असे म्हणून आत गेले. गॅसवर काही नव्हते.

मैत्रिणींनो, बाजारात दहा रुपयांच्या कोथिंबिरीला आपण तीन गाड्यांवर भाव विचारतो. त्या रात्री आम्ही एका गाडीवरही विचारले नव्हते.

आता २०२४ साली काय झाले ते सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी 'मुलींचं सगळं शिक्षण फुकट झालं' असे समजून बसल्या आहेत. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी, जी आधी निम्मी माफ होत होती, ती पूर्ण माफ झाली. व्यावसायिक म्हणजे अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कायदा असे. ज्या मुली तेव्हा आधीच शिकत होत्या त्यांनाही पुढच्या वर्षांसाठी ती लागू झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींसाठी शिष्यवृत्तीच्या आणि फीमाफीच्या योजना निराळ्या आहेत आणि पुष्कळ आधीपासूनच्या आहेत. पण मेख अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच मिळालेला असला पाहिजे. ओळखीने व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली तर माफी नाही. खाजगी विद्यापीठालाही ती लागू नाही. परवा एका बाईंनी मोठ्या कमानीचे खाजगी विद्यापीठ पाहून मुलीचे नाव घातले आणि नंतर माफीचा फॉर्म मागायला आल्या. त्यांना नाही म्हणताना मला फार जड गेले.

आणि माफ होते ती शिकवणी आणि परीक्षा, एवढेच. विकास शुल्क, ग्रंथालय, विमा, ओळखपत्र, अनामत हे आपल्यालाच भरावे लागते. यातली अनामत परत मिळते बरे का! शिक्षण संपल्यावर अर्ज करून मागायची असते. पोरे पदवीच्या आनंदात विसरून येतात. आपण पावती जपून ठेवावी.

आता वही वाचते. धाकटीचा पहिला महिना. कॉलेजची उरलेली फी ११,४००. खोलीची अनामत ८,०००. खोली म्हणजे खोली नव्हे हो, एका खोलीतली एक कॉट. तिचे भाडे ४,०००. मेसचे आगाऊ ३,२००. गादी, बादली, कुलूप, पंखा वगैरे २,१५०. आराखडे काढण्याचे साहित्य आणि एप्रन १,९००. दाखले, झेरॉक्स आणि एस. टी.ची ये-जा १,७५०. एकूण ३२,४००. हे सगळे फी माफ असताना, आणि तेही पंधरा दिवसांच्या आत.

पुढे दर महिन्याला भाडे आणि मेसचे ७,२००, वर किरकोळ १,३०० धरा. दहा महिन्यांचे ८५,००० झाले. वहीत ही बेरीज मी दोनदा केली. थोरलीच्या वेळी जो आकडा पाहून आम्ही दार लावले, जवळजवळ तोच आकडा धाकटीच्या वेळी मागल्या दाराने आला. फरक एवढाच की तो एकदम आला नाही, महिन्यामहिन्याने आला, आणि महिन्याचा खर्च ओढायची आपल्याला सवय आहे. पहिल्या महिन्याच्या ३२,४०० पैकी वीस हजार आपल्या भिशीचे होते. माझा नंबर पुढच्या चैत्रात होता, तो ज्यांनी मला आधी दिला त्या बाई इथेच बसल्या आहेत. उरलेल्यासाठी माझ्या पाटल्या पतपेढीत ठेवल्या. त्या सुटल्या, हेही सांगते, नाहीतर सगळ्या जणी माझ्या हाताकडे बघत बसाल.

वसतिगृहात जागा मिळती तर खर्च निम्म्याने उतरला असता. पण जागा थोड्या आणि मुली फार. फी माफ करायला एक सही पुरते, वसतिगृहाला विटा-सिमेंट लागते. आपल्या भागातले पुढारी मते मागायला दारात येतात तेव्हा त्यांना रस्त्याबरोबर हेही विचारावे असे मला वाटते. जागा न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणासाठी भत्ता देणाऱ्या योजना आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाची स्वाधार आहे, इतर मागास वर्गासाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आहे. आमची गावाकडे दीड एकर जमीन आहे, म्हणून अल्पभूधारक या नात्याने आम्ही पहिलीत बसलो. भत्ता मंजूर झाला, मोबाईलवर निरोप आला, पण खात्यात पैसे दिसेनात. तीन महिने धाकटी बँकेत खेपा घालत होती. शेवटी कळले की पैसे तिच्या शाळेतल्या जुन्या खात्यात पडून होते, कारण आधार क्रमांक अजून त्या खात्याला जोडलेला होता. तेव्हा मुलीचे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे हे अर्ज करण्याआधी पाहा. आमचे तीन महिने गेले, तुमचे जाऊ नयेत.

प्रवेशाच्या दिवशीची गोष्ट राहिली. कॉलेजचे नाव घेत नाही. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "आधी सगळी फी भरा, शासनाचे पैसे आले की परत मिळतील." माफीची रक्कम प्रवेशाच्या वेळी मागू नये असे शासनाने बजावले होते, आणि आपल्या चिटणीसबाईंनी तो निर्णय छापून माझ्या पिशवीत घातला होता. माझे पाय लटपटत होते. मी कागद पुढे केला आणि म्हटले, "साहेब, मला वाचता येतं तेवढं मी वाचलंय, पुढचं तुम्ही वाचून सांगा." ते कागद घेऊन आत गेले. बराच वेळाने बाहेर आले आणि उरलेल्या फीचेच चलन दिले. ह्यांनी मागाहून रसवंतीत नेऊन मला उसाचा रस पाजला. लग्नानंतर प्रथमच!

आमचे एक चुलत सासरे होते. १९६० च्या सुमारास, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, ज्या घराचे वार्षिक उत्पन्न १,२०० रुपयांच्या आत त्या घरातल्या मुलांना फीची सवलत मिळू लागली. ई. बी. सी. म्हणत तिला. त्या सवलतीवर ते साताऱ्याला कॉलेजात गेले. फी सरकारने सोडली, पण जेवणाचे काय? तर त्यांची आई पहाटे उठून भाकरी करायची आणि पहिल्या एस. टी.ने डबा साताऱ्याला जायचा. चार वर्षे गेला. घरात त्यांच्या पदवीचा फोटो आहे, पण त्या डब्याची आठवण सासूबाई सोडल्या तर कुणी काढत नाही.

आपल्या साताऱ्यात तर हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी धनिणीच्या बागेत मुलांचे वसतिगृह चालवले. तिथल्या पोरांच्या पोटात अन्न जावे म्हणून लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले. १९४७ साली त्याच साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि मुले श्रम करून तिथे शिकली. पुणे विद्यापीठातली 'कमवा व शिका' योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते, आणि संलग्न कॉलेजांतही आहे. धाकटी तिच्यातून कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तासाच्या हिशेबाने पैसे मिळतात, त्यातून तिचा किरकोळ खर्च भागतो. पहिल्या वेळी तिने फोनवर जरा चाचरतच सांगितले, पुस्तके लावायचे काम आहे म्हणाली. मी म्हटले, "मी घरात काय वेगळं करते?"

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा करून शेवटी मुलगी सासरीच जाणार. हे वाक्य मी स्वतः २०१८ साली बोलले आहे, म्हणून दुसरीला दोष देत नाही. ज्यांना मुलगेच आहेत त्या म्हणतील, आमच्यासाठी काय? त्यांना निम्म्या फीची योजना आहे, भत्ताही आहे. आणि कागद सगळ्यांना तेच लागतात.

माझी मंडळापुढे एक सूचना आहे. पुण्याला महर्षी कर्व्यांच्या संस्थेसाठी भाऊबीज निधी गोळा होत आला आहे. भाऊबिजेला घरोघर जाऊन, एकेक रुपयासुद्धा घेऊन. आपण तेवढे मोठे काही करू शकणार नाही. पण दिवाळीच्या फराळाच्या आणि उन्हाळ्यातल्या मसाल्याच्या विक्रीतून जे शिल्लक राहते, त्यातला काही भाग वेगळा ठेवावा आणि वस्तीतली मुलगी बाहेरगावी शिकायला निघाली की तिच्या आईला पहिल्या महिन्यासाठी बिनव्याजी द्यावा. पहिला महिनाच माणसाला मोडतो. पुढचे रेटता येते. परतफेड दहा महिन्यांत, महिन्याला थोडी थोडी. कार्यकारिणीत दोघींचा याला विरोध आहे हे मला माहीत आहे. पैसे बुडतील ही त्यांची भीती खोटी नाही, म्हणून हमी म्हणून मंडळातल्याच एका सभासदाची सही घ्यावी. पहिल्या मुलीसाठी ती सही मी करीन.

थोरलीला मी या भाषणाचे सांगितले होते. तिचे नाव घेऊ का म्हणून विचारले. ती म्हणाली, नाव नको, पण आकडा सांग. तो सांगितला.

वही मी आजपासून मंडळाच्या कपाटात ठेवत आहे. ज्यांच्या घरी यंदा बारावीची मुलगी आहे त्यांनी येत्या बुधवारी दुपारी तीन वाजता यावे. येताना तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, रेशनकार्ड आणि मुलीचे आधार व बँकेचे पुस्तक आणावे. नसतील तरी यावे, कोणता दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो ते वहीत लिहिले आहे. आणि शक्य असेल तर मुलीला बरोबर आणावे. फॉर्म तिलाच भरायचा आहे.