ठोक्यांचा आंकडा आणि कामाचें माप

विहिरींतून पाणी काढण्याच्या दोन रीती महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या चालत आल्या. कोंकणांतील आगरांत रहाट फिरे; त्याच्या माळेवरचीं लहान लहान गाडगीं भराभर वर येत आणि रितीं होऊन पुन्हां खालीं जात. देशावर मोट चाले. बैलांची जोडी धांवेवरून उतरली म्हणजे एकच मोठी मोट भरून वर येई, आणि बैल मागें सरेपर्यंत वाट पाहावी लागे. आतां विहिरीच्या कांठावर बसून कोणी वर येणारीं भांडीं तेवढीं मोजलीं, आणि मिनिटाला गाडगीं अधिक येतात म्हणून रहाटच अधिक पाणी देतो असा निकाल दिला, तर शेतकरी हंसेल. भांडें केवढें आहे तें पाहिलेंत काय, असें तो विचारील.

संगणकाच्या बाबतींत मात्र शिकल्यासवरल्या जगानें सुमारें पाव शतक नेमकी हीच चूक केली. दुकानांत यंत्र पाहावयास गेलेला गृहस्थ पहिला प्रश्न विचारी तो हाच, कीं हें किती मेगाहर्ट्झचें? आंकडा मोठा तें यंत्र श्रेष्ठ, अशी सर्वांची समजूत झाली होती. आणि मुलांच्या शिक्षणासाठीं काटकसरीनें बाजूस ठेवलेला पैसा त्या एका आंकड्याच्या भरंवशावर खर्च होई. हा आंकडा काय सांगतो आणि काय झांकून ठेवतो, त्यावरून दोन पक्षांत जो दीर्घ वाद माजला त्यांत खरें कोण ठरलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

संगणकाच्या पोटांत प्रोसेसर नांवाची नखाएवढी सिलिकॉनची चकती असते. दिलेल्या आज्ञा तीच पाळते. तिला ताल देण्यासाठीं एक घड्याळ असतें व त्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर काम एक पाऊल पुढें सरकतें. सेकंदाला दहा लक्ष ठोके पडले तर एक मेगाहर्ट्झ आणि शंभर कोटि पडले तर एक गिगाहर्ट्झ, असा हा हिशेब आहे. परंतु एक आज्ञा पुरी होण्यास किती ठोके लागतात, हें प्रत्येक रचनेंत निराळें असतें. आणि तेंच काम उरकण्यास किती आज्ञा द्याव्या लागतात, हेंही निराळें असतें. कामाला लागणारा वेळ या तिन्ही गोष्टी मिळून ठरतो. जाहिरात मात्र तिहींपैकीं एकीचेंच नांव घेते.

घरगुती संगणकाच्या बाल्यावस्थेंतच याचा प्रत्यय आला होता. १९७७ सालीं अमेरिकेंत बाजारांत आलेल्या ॲपल-टू या यंत्रांत ६५०२ नांवाचा प्रोसेसर होता व त्याचा ताल एक मेगाहर्ट्झचा होता. त्याच वर्षीं आलेल्या टी. आर्. एस्.-८० या प्रतिस्पर्धी यंत्रांत झेड-८० प्रोसेसर असून त्याचा ताल पावणेदोन मेगाहर्ट्झच्या वर होता. पण झेड-८० ला एखादी आज्ञा नुसती वाचून घेण्यासच निदान चार ठोके लागत, तर ६५०२ च्या लहान आज्ञा दोन ठोक्यांत पुऱ्या होत. अर्थात् आंकड्यांतील अंतर कामांत तेवढें उतरत नसे. एकाचीं गाडगीं लहान होतीं, दुसऱ्याचीं मोठीं होतीं, इतकेंच.

पुढें या क्षेत्रांत दोन घराणीं उभीं राहिलीं. ऑगस्ट १९८१ मध्यें आय्. बी. एम्. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर विक्रीस आणला. त्यांत इंटेलचा ८०८८ हा ४.७७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता. जानेवारी १९८४ मध्यें ॲपलचा मॅकिंटॉश आला. त्यांत मोटोरोलाचा ६८००० होता. दोहोंचे स्वभाव मुळांतच भिन्न. पहिलें घर चारी बाजूंनीं उघडें होतें. त्यांत कोणीही आपलें कार्ड बसवावें, तसेंच यंत्र कोणीही बांधावें, अशी मोकळीक असल्यामुळें किंमती उतरल्या आणि यंत्रें गांवोगांव पोहोंचलीं. या मोकळिकीचा लाभ मराठीलाही झाला. कानपूरच्या आय्. आय्. टी. मध्यें जन्मलेलें आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें वाढविलेलें ‘जिस्ट’ हें कार्ड याच यंत्रांत बसे, आणि मूळच्या रोमन लिपीच्या पडद्यावर देवनागरी उमटे. दुसरें घर बंदिस्त होतें. पहिल्या मॅकिंटॉशमध्यें बाहेरचें कार्ड बसविण्यास जागाच नव्हती. पण यंत्र आणि त्याची कार्यप्रणाली एकाच हातानें घडविलेली असल्यामुळें त्यांत मेळ होता. माऊस आणि चित्रें यांच्या साह्यानें तें नवख्यालाही चालवितां येई. आणि १९८५ सालीं लेसर छपाईयंत्राची व पेजमेकरची जोड मिळतांच टेबलावर बसल्या बसल्या छापण्याजोगें पान तयार करण्याची विद्या त्यानेंच रूढ केली.

वादाचा खरा गाभा हा होता : मोकळीक कीं मेळ? दोन्ही बाजूंनीं बोलण्यासारखें पुष्कळ होतें. परंतु गुणांची तुलना करणें कष्टाचें असतें आणि आंकड्यांची तुलना सोपी असते. वाद हळूहळू आंकड्यावर येऊन ठेपला.

१९९१ सालीं ॲपल, आय्. बी. एम्. आणि मोटोरोला यांनीं हातमिळवणी करून पॉवरपीसी नांवाचा नवा प्रोसेसर घडविण्याचें ठरविलें, आणि १९९४ पासून मॅकिंटॉश त्यावर चालूं लागला. इकडे इंटेल आणि तिचाच आज्ञासंच वापरणारी ए. एम्. डी. यांच्यांत शर्यत लागली. ६ मार्च २००० रोजीं ए. एम्. डी. नें एक गिगाहर्ट्झची वेस ओलांडल्याचें जाहीर केलें. दोनच दिवसांनीं इंटेलनेंही तेंच जाहीर केलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरमध्यें इंटेलचा पेंटियम-४ हा १.४ व १.५ गिगाहर्ट्झच्या तालानें अवतरला.

या पेंटियम-४ ची रचना समजून घेण्यासारखी आहे. श्रोत्यांनीं लग्नाची पंगत डोळ्यांपुढें आणावी. एकच वाढपी मीठ, कोशिंबीर, भाजी, वरण असें सर्व एका पानावर वाढून मग दुसऱ्या पानाकडे वळला, तर प्रत्येक पाऊल सावकाश पडतें. उलट वीस वाढपी एकामागें एक उभे करून प्रत्येकाच्या हातीं एकच जिन्नस दिला, तर पाऊल झपाझप पडतें. पेंटियम-४ नें आज्ञापालनाचे असे वीस टप्पे पाडले होते. त्याच्या आधींच्या पेंटियममध्यें सुमारें दहा होते. टप्पे लहान म्हणून ताल जलद. परंतु पुढची आज्ञा कोणती येणार याचा प्रोसेसरला पुष्कळदां अंदाज बांधून चालावें लागतें. समजा, अर्धी पंगत वाढून झाल्यावर कळलें कीं मंडळी उपासाची आहेत! मग वाढलेलें सारें उचलून पहिल्या वाढप्यापासून पुन्हां आरंभ करावा लागतो, आणि रांग जितकी लांब तितकी ही खोटी मोठी. म्हणूनच पहिले पेंटियम-४ मोठ्या आंकड्याचे असूनही कित्येक कामांत एक गिगाहर्ट्झच्या जुन्या प्रोसेसरपुढें फिके पडले.

जुलै २००१ मध्यें न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड संमेलनांत ॲपलनें यावरच बोट ठेवलें. ८६७ मेगाहर्ट्झच्या जी-४ ची तुलना १.७ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ शीं करून, जी-४ चे टप्पे केवळ सात असल्यानें तो निम्म्या तालांतही फोटोशॉपचें काम आधीं उरकतो, असें तेथें दाखविण्यांत आलें. ‘मेगाहर्ट्झचें मिथ्य’ असें या प्रतिपादनाचें नांव पडलें. त्याच सालच्या ऑक्टोबरांत ए. एम्. डी. नेंही निराळ्या वाटेनें तेंच म्हटलें. १.५३ गिगाहर्ट्झच्या आपल्या प्रोसेसरचें नांव तिनें ‘१८००+’ असें ठेवलें आणि ताल नव्हे, काम पाहा, असें गिऱ्हाइकास सुचविलें.

तत्त्व निर्विवाद खरें होतें. मात्र खरें तत्त्व लंगड्या बाजूचीही कुबडी होऊं शकतें, हें येथें विसरतां कामा नये. तुलनेसाठीं निवडलेलीं कामें पॉवरपीसीला सोयीचीं होतीं. शिवाय १९९९ च्या शरदांत मोटोरोलाकडून जलद प्रोसेसर पुरेसे मिळेनात, म्हणून ॲपलला जाहीर केलेले वेग पन्नास पन्नास मेगाहर्ट्झनीं उतरवून किंमती त्याच ठेवाव्या लागल्या होत्या. ताल गौण असतो हें खरें; पण तो दुप्पट, तिप्पट मागें पडत गेला, तर रचनेचा शहाणपणा ती तूट कोठवर भरून काढणार? जून २००३ मध्यें आय्. बी. एम्. नें घडविलेला दोन गिगाहर्ट्झचा जी-५ दाखवितांना ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनीं वर्षभरांत तीन गिगाहर्ट्झ गांठण्याचें वचन दिलें. वर्ष लोटलें तेव्हां यंत्र अडीचावर अडकलें होतें, आणि तेवढ्यासाठींही प्रोसेसर थंड ठेवण्यास द्रव खेळवावा लागला. मांडीवरच्या संगणकांत तर जी-५ कधींच बसला नाहीं. अखेर ६ जून २००५ रोजीं जॉब्स यांनीं आपले संगणक यापुढें इंटेलवर चालतील, असें जाहीर केलें. वर्षानुवर्षें पॉवरपीसीचा कैवार घेऊन इंटेलला हिणविणाऱ्या भक्तांची त्या दिवशीं काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच करावी.

मग आंकड्यावाल्यांचा जय झाला काय? नाहीं. त्यांचा रथही त्याच सुमारास भूमींत रुतला होता. २००४ च्या आरंभीं इंटेलनें पेंटियम-४ चे टप्पे एकतीसपर्यंत वाढविले. परंतु उष्णता इतकी वाढली कीं ३.८ गिगाहर्ट्झपलीकडे जाणें जमेना, आणि चार गिगाहर्ट्झचा बेत त्याच वर्षीं ऑक्टोबरांत सोडून द्यावा लागला. कारण भौतिक होतें. प्रोसेसरची वीज तालाच्या प्रमाणांत आणि विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. आय्. बी. एम्. चे रॉबर्ट डेनार्ड यांनीं १९७४ सालीं दाखविलें होतें कीं, ट्रान्झिस्टर लहान करीत गेल्यास दाबही उतरवितां येतो, आणि तेवढ्याच जागेंत उष्णता न वाढतां ताल वाढतो. तीस वर्षें हा नियम कामधेनूप्रमाणें दूध देत राहिला. पुढें ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले कीं बंद असतांनाही त्यांतून वीज झिरपूं लागली, दाब आणखी उतरवितां येईना, आणि कामधेनु आटली.

इंटेलला वाट सांपडली ती तिच्या इस्राएलमधील हैफा येथील रचनाकारांमुळें. त्यांनीं २००३ सालीं मांडीवरच्या संगणकांसाठीं केलेल्या पेंटियम-एम् ची दृष्टि उलट होती : ताल बेताचा ठेवावा आणि प्रत्येक ठोक्याला काम अधिक काढावें. त्याच वळणावर घडलेला २००६ चा कोअर-२ ड्युओ कमी तालाचा असूनही पेंटियम-४ ला मागें टाकून गेला. येथें वादाची मोठी गंमत आहे. ॲपल इंटेलच्या घरीं गेली खरी. पण त्या घरांत तोंवर ॲपलचेंच तत्त्व राहावयास आलें होतें! ज्या पक्षानें यंत्र गमावलें त्याचा सिद्धान्त टिकला, आणि ज्या पक्षानें गिऱ्हाईक मिळविलें त्यानें आपला सिद्धान्त सोडला.

पुढील काळानें या निकालावर शिक्कामोर्तब केलें. १९८१ ते २००० या एकोणीस वर्षांत ताल ४.७७ मेगाहर्ट्झवरून हजारावर गेला, म्हणजे दोनशें पटींहून अधिक वाढला. २००४ च्या अखेरीस तो ३.८ गिगाहर्ट्झ होता. त्यानंतर अठरा वर्षांनीं, जानेवारी २०२३ मध्यें, इंटेलचा सर्वांत जलद प्रोसेसर सहा गिगाहर्ट्झला पोहोंचला. धड दुप्पटही नाहीं! काम मात्र कितीतरी पटींनीं वाढलें. तें प्रत्येक ठोक्यांतून अधिक काढून आणि एका चकतीवर अनेक प्रोसेसर बसवून. या दुसऱ्या उपायालाही मर्यादा आहे, हें जीन आम्डाल यांनीं १९६७ सालींच दाखवून दिलें होतें. वाढपी दहा आणले तरी भात शिजण्याचा वेळ कमी होत नाहीं.

नोव्हेंबर २०२० मध्यें ॲपलनें इंटेललाही रजा देण्यास आरंभ केला आणि स्वतः घडविलेला एम्-१ पुढें आणला. त्याचा ताल ३.२ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सोळा वर्षांपूर्वींच्या पेंटियमहून कमी. तरीही तो पंख्यावांचून चालणाऱ्या पातळ यंत्रांत बसला आणि इंटेलचे जे मांडीवरचे संगणक त्यानें हटविले त्यांच्या कितीतरी पुढें गेला. त्याचें कूळ केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचें. सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनीं रचलेला पहिला ए. आर्. एम्. प्रोसेसर तेथें एप्रिल १९८५ मध्यें सुरू झाला. त्या वेळीं वीज मोजणाऱ्या यंत्राचा कांटा शून्यावरच राहिला. पाहूं जातां विजेची तार जोडलेलीच नव्हती; शेजारच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवरच प्रोसेसर चालला होता, अशी हकीकत त्याचे रचनाकार सांगतात. काटकसरीनें जन्मलेला हा प्रोसेसर पस्तीस वर्षांनीं वेगाच्या स्पर्धेंतही अग्रभागीं आला.

घरांत संगणक घेणाऱ्यानें यांतून काय घ्यावें? कोणत्याही पक्षाचा झेंडा तर नव्हेच. आंकडा मिरविणाऱ्यांना आंकड्यांत लाभ होता आणि आंकड्याला मिथ्य म्हणणाऱ्यांना तसें म्हणण्यांत लाभ होता. सांगणाराचा स्वार्थ आहे म्हणून सांगणें खोटें ठरत नाहीं; आणि सांगणें खरें आहे म्हणून त्याचा मालही चोख ठरत नाहीं. यास्तव दुकानांत जाण्यापूर्वीं आपलें काम कोणतें तें ठरवावें. तें काम त्या यंत्रावर डोळ्यांदेखत करवून घेऊन लागलेला वेळ पाहावा. यंत्र किती तापतें, वीज किती खातें, आणि त्याची कार्यप्रणाली किती वर्षें अद्ययावत् मिळत राहील, हें विचारावें. एवढें केल्यावर ठोक्यांचा आंकडा विचारला नाहीं तरी चालेल. शेतकरीही गाडगीं मोजीत बसत नाहीं. तो वाफ्याच्या टोंकाशीं जाऊन तेथली माती भिजली कीं नाहीं, तें हातानें चांचपून पाहतो.