पोटगीचा प्रश्न आणि सात स्त्रियांचा मोर्चा

(दहिसर येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषणाचा मजकूर)



१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानसभेवर एक मोर्चा गेला. त्यात सात स्त्रिया होत्या आणि सातही मुस्लिम होत्या. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्वाला मनाई करा आणि सर्व नागरिकांना एकच नागरी कायदा द्या, एवढ्याच त्यांच्या मागण्या होत्या. राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई या मोर्चाचे संघटक होते. गिरणी कामगारांचे प्रचंड मोर्चे पाहिलेल्या या शहरात सातांचा आकडा हास्यास्पद वाटावा असा होता. परंतु चळवळीचे मोल केवळ डोकी मोजून ठरत नाही, हे पुढील इतिहासाने सिद्ध केले.

या मागण्या इस्लामी जगाला अपरिचित होत्या असेही नव्हे. तुर्कस्तानने १९२६ सालीच नागरी कायदा स्वीकारून बहुपत्नीत्व रद्द केले होते. ट्युनिशियाने १९५६ साली तेच केले आणि घटस्फोट न्यायालयातच होईल असे ठरविले. पाकिस्ताननेदेखील १९६१ च्या वटहुकुमाने तलाकवर व दुसऱ्या विवाहावर निर्बंध घातले. म्हणजे जे अंकारात व ट्युनिसमध्ये धर्मबुडवे ठरले नाही, ते मुंबईत मागणाऱ्या स्त्रिया मात्र धर्मद्रोही ठरल्या. याचे कारण धर्मग्रंथात शोधण्यापेक्षा येथील राजकारणात शोधले पाहिजे.

२२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. महात्मा फुल्यांच्या परंपरेचे नाव त्याने जाणीवपूर्वक घेतले. ३ मे १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, दलवाई गेले. मेहरुन्निसा दलवाई, सय्यदभाई, हुसेन जमादार यांनी काम पुढे चालविले. सय्यदभाईंना या कामाकडे खेचले ते कोणत्याही ग्रंथाने नव्हे, तर सख्ख्या बहिणीच्या वाट्याला आलेल्या तलाकने. १९८५ साली याच मंडळींनी कोल्हापूरहून नागपूरकडे तलाक मुक्ती मोर्चा नेला आणि वाटेत ठिकठिकाणी सनातन्यांचा रोष अंगावर घेतला.

त्याच वर्षी २३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने शाहबानो खटल्याचा निकाल दिला होता. इंदूरच्या या वृद्धेला वकील नवऱ्याने चार दशकांहून अधिक काळाच्या संसारानंतर घराबाहेर काढले होते. कनिष्ठ न्यायालयाने तिला दरमहा २५ रुपये पोटगी दिली. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ती कायम केली. एवढ्या रकमेसाठी देश ढवळून निघाला. लोकसभेत चारशेहून अधिक जागा असलेले सरकार मुल्लामौलवींपुढे वाकले आणि १९८६ साली त्याने निकाल निष्प्रभ करणारा कायदा केला. त्याच वर्षीच्या १ फेब्रुवारीला अयोध्येतील कुलूपही उघडले होते. एका जमातवादाला दिलेली सवलत दुसऱ्याला बळ देते, हा धडा त्या वर्षाने शिकविला. आणि या सौद्यात शाहबानोच्या भाकरीचा विचार कोणीही केला नाही.

पुढे न्यायालयांनी वाट काढली. २००१ साली दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या कायद्याचाच असा अर्थ लावला की नवऱ्याने इद्दतच्या काळात घटस्फोटितेच्या पुढील आयुष्याचीही रास्त तरतूद केली पाहिजे. २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात एका दमात दिलेला तिहेरी तलाक बहुमताने रद्द ठरला. सात स्त्रियांच्या मोर्चाला तेव्हा एक्कावन्न वर्षे झाली होती. १० जुलै २०२४ च्या निकालाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागण्याचा हक्क मुस्लिम घटस्फोटितेलाही आहे, हे पुन्हा स्पष्ट केले.

मग प्रश्न सुटला काय? २०१९ च्या कायद्याने तिहेरी तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला. त्यात पत्नी व मुलांसाठी निर्वाहभत्त्याची तरतूदही आहे. परंतु रोजंदारीवर जगणारा माणूस तुरुंगात गेल्यावर तो भत्ता कोठून येणार, याचे उत्तर त्यात नाही. शिवाय जो नवरा तलाक शब्दही न उच्चारता निघून जातो, त्याचे काय? येथे मुस्लिम स्त्रीचा प्रश्न तिच्या हिंदू शेजारणीच्या प्रश्नाला येऊन मिळतो. १९८८ साली संगमनेर येथे समाजवादी विचारांच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांची परिषद भरविली, तेव्हा 'टाकलेली' बाई सर्व जातींत आहे हे महाराष्ट्राला दिसले. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेल्या बायकांचे धर्म वेगळे असतील. हातातील तारखेचा कागद एकच असतो.

काही मित्र म्हणतात, हा अल्पसंख्याकांचा अंतर्गत प्रश्न आहे. बाहेरच्यांनी बोलू नये. मग सतीबंदी आणि विधवाविवाह हे कोणाचे अंतर्गत प्रश्न होते? हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, ते बहुसंख्याकांच्या खाजगीपणाचा मान राखून काय? दुसरे काही जण या प्रश्नाचा कैवार घेतात तो केवळ मुस्लिमांना झोडपण्यासाठी. ज्यांना दंगलीत होरपळलेली मुस्लिम स्त्री दिसत नाही, त्यांना तलाकपीडित स्त्रीच तेवढी दिसावी, यातील हेतू ओळखण्यास फारशी बुद्धी लागत नाही. समाजवाद्यांनी पहिल्यांच्या भीडेने गप्प बसू नये आणि दुसऱ्यांच्या सुरात सूरही मिळवू नये.

तेहरानमध्ये ८ मार्च १९७९ ला सक्तीच्या पडद्याविरुद्ध स्त्रिया रस्त्यावर आल्या. २०२२ साली महसा अमिनीच्या मृत्यूनंतर त्यांच्या नाती-लेकी आल्या. अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना माध्यमिक शाळेची दारे बंद झाली. त्याउलट कर्नाटकात २०२२ साली डोक्यावरच्या वस्त्रापायी मुलींना वर्गाबाहेर ठेवले गेले. तिने काय नेसावे हे तिच्याखेरीज इतर सर्वांनी ठरवायचे, ही वृत्ती दोन्हीकडे एकच आहे. तिचा निर्णय तिचा आणि शाळा सर्वांआधी, ही कसोटी सर्वत्र लावली पाहिजे.

दहिसर हे मुंबईच्या उत्तरेच्या वेशीवरचे टोक. येथील बाईला वांद्र्याची तारीख म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी आणि कडेवर मूल. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा सांगतो आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालील शिधापत्रिकेवर घरातील ज्येष्ठ स्त्रीच कुटुंबप्रमुख असते. हे हक्क वस्तीपर्यंत कोणी पोचवायचे? ठराव करून ते पोचत नाहीत. निकाहनामा वाचून दाखविणारी, अर्ज लिहून देणारी, तारखेला सोबत गाडीत बसणारी कार्यकर्ती लागते. ती मुस्लिम वस्तीत जाईल तशीच बौद्ध आणि हिंदू वस्तीतही गेली पाहिजे. तरच तिच्या शब्दावर विश्वास बसेल.

सातजणी विधानसभेपर्यंत चालल्या, तेव्हा त्यांच्यामागे मतपेटी नव्हती आणि पक्षही नव्हता. समाजवाद म्हणविणाऱ्यांनी त्यांची जयंती-स्मृती साजरी करून भागणार नाही. पुढच्या तारखेला वांद्र्याला जाणारी दहिसरची बाई एकटी जाते की तिच्यासोबत कोणी असते, यावर या शाखेच्या कामाचा हिशेब मांडला जाईल.