वेग वाढला, तरी कोंडी का?

घरातलं इंटरनेट अडखळलं की लोक आधी जास्त वेगाचा प्लॅन घेतात. पण त्यानं कोंडी सुटतेच असं नाही. आपला कल्याणचा पत्रीपूल घ्या. जुना पूल 2018 मध्ये पाडला, नवा 2021 मध्ये खुला झाला. मधल्या काळात अलीकडचा रस्ता दुप्पट रुंद केला असता, तर गाड्या कोंडीच्या जागी लवकर पोचल्या असत्या आणि रांग आणखी लांबली असती. नेटवर्कबद्दल प्राध्यापक राज जैन यांनी 1990 मध्येच लिहिलं होतं की तारा वेगवान झाल्या म्हणजे कोंडी संपेल, हा भ्रम आहे.

ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत बर्कलीची प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यात, जेमतेम 400 यार्डांवर, सेकंदाला 32,000 बिटांचा वेग 40 बिटांवर आला. तार तुटली नव्हती. पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, मिळाल्याची पोच वेळेत आली नाही की प्रत्येक संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवायचा, आणि त्या भरीनं रस्ता आणखी तुंबायचा. दहावीच्या निकालाला आपण हेच करतो! पान उघडेना की रिफ्रेश, पुन्हा रिफ्रेश. मुलांनो, आणि पालकांनो, पाच मिनिटं थांबा हो.

यावर व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी 1988 मध्ये जो उपाय मांडला, तो मला फार प्रिय आहे. पोच येत राहिली तर वेग थोडाथोडा वाढवायचा, पॅकेट हरवलं तर एकदम निम्म्यावर यायचं. पुन्हा सांगतो: वाढवताना थोडं, कमी करताना निम्मं. मध्ये कुणी हवालदार उभा नाही. प्रत्येक संगणक आपणहून मागे सरतो. लाखो अनोळखी यंत्रं एकमेकांशी न बोलता इतकी समजुतीनं वागतात! आणि अशानं वाटणी समान होत जाते, हे दाह-मिंग चिउ आणि राज जैन यांनी 1989 मध्ये गणितानं दाखवलं.

वेगवान तारांवर मात्र हे ‘थोडंथोडं’ फारच थोडं पडतं. सेकंदाला 10 अब्ज बिटांची लांब पल्ल्याची तार असेल, तर एक पॅकेट हरवल्यावर पूर्ण वेगाला परत यायला तासाहून जास्त लागतो. म्हणून ‘क्यूबिक’सारख्या नव्या पद्धती आल्या, त्यांचं आज राहू द्या.

कारण बफरबद्दल बोलायलाच हवं. राउटरमध्ये पॅकेटांना थांबायला जी जागा असते, तो बफर. मेमरी स्वस्त झाली आणि बनवणाऱ्यांनी ही जागा नको तितकी वाढवली. आता पॅकेट हरवत नाही, नुसतं पडून राहतं. पाठवणाऱ्याला कोंडी कळतच नाही, तो वेग वाढवत राहतो. एकजण फोटो अपलोड करतो आणि दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडकतो, तो यामुळेच. हरवणं हाच इशारा असतो, तोच आपण बुजवून टाकला.

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ (बफरमधली रांग आखूड ठेवणारी सोय) दिसलं तर ते सुरू करा, आणि अपलोडची मर्यादा मिळणाऱ्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवा.