वर्गातील दुसरे माणूस

मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड आणि हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. हा भेद मी वयाच्या सहाव्या वर्षी शिकलो, तो भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर 10 मध्ये. या कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येथे येऊन वसली. आमचे घर मराठी, शाळा हिंदी. बाईंनी 'शिक्षा' म्हटले की मी अंग चोरून बसे.

बाईंपुढे चाळीस मुले. त्यांच्या हे ध्यानी यावे कसे? ते ओळखले शेजारच्या एका ताईने. बारावी होऊन ती शाळेत मदतीला येई. मागे पडलेल्या आम्हा पाचसहा मुलांना व्हरांड्यात सतरंजीवर घेऊन ती वाचावयास शिकवी. वर्ष संपता संपता मी वाचू लागलो. ताईचे नाव मात्र शाळेच्या कोणत्याच पटावर नव्हते.

पुढे सरकारी सेवेत आल्यावर एक गंमत कळली. आपल्या दप्तरात 'सहायक शिक्षक' म्हणजे वर्गाचा पूर्ण शिक्षकच! ताईसारख्या खऱ्या साहाय्यकाला त्यात पदनाम शोधून सापडत नाही.

मुंबईत 'प्रथम' या संस्थेने ते दिले: 'बालसखी'. वस्तीतीलच तरुणी, दोन आठवड्यांचे प्रशिक्षण, तिसरी-चौथीतील मागे राहिलेली पंधरा-वीस मुले आणि रोजचे दोन तास. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 या काळात मुंबई व बडोदे येथे या उपक्रमाची कसोशीने पाहणी केली. तिचा निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध झाला: मुलांची प्रगती झाली आणि सर्वांत अधिक लाभ झाला तो सर्वांत मागे असलेल्यांना. बालसखीचे मानधन तेव्हा महिना 500 ते 750 रुपये होते.

या आकड्यावरून, स्वस्तात शिक्षक मिळाला, असा हिशेब कोणी मांडील. तो चुकीचा होय. बालसखी शिक्षकाच्या जागी नव्हती, त्याच्या जोडीला होती. चाळिसांना पुढे नेणे हे एक काम. मागे राहिलेल्याजवळ बसणे हे दुसरे. दुसऱ्या कामालाही पटावर नाव आणि पोटापुरते वेतन असावयास हवे. ताईचे हे देणे माझ्याकडून अद्याप फिटलेले नाही; आपल्या शाळांकडूनही नाही.