चष्मेवाली मेग



मुलीच्या हातात चित्रांचे पुस्तक दिसले की आपण नाक मुरडतो. मॅडेलिन लेंगल या अमेरिकन लेखिकेची 'अ रिंकल इन टाइम' ही अद्भुत कादंबरी १९६२ साली निघाली. होप लार्सन यांनी २०१२ साली ती सबंध चित्रांतून सांगितली. तिची नायिका मेग चष्मेवाली, चिडकी, दिसायला साधी. काळा, पांढरा, निळा एवढ्याच रंगांत लार्सनबाईंनी तिला तशीच काढली, उगाच देखणी केली नाही. हीच मेग मायेच्या बळावर धाकट्या भावाला सोडवते!

आपल्या कितीतरी मुली आरशापुढे खंतावतात. त्यांना अशी मेग डोळ्यांनी पाहू द्या. पुढे मूळ पुस्तकही त्या आपणहून मागतील.